घरचं होम थिएटर: मांडणी आणि कॅलिब्रेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा रिसीव्हर (टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना पुरवणारं यंत्र), सहा-सात खोकी आणि वायरचं भेंडोळं समोर घेऊन जमिनीवर बसलेल्या माणसांचे प्रश्न माझ्याकडे सतत येत असतात. शब्द वेगळे असतात, प्रश्न तेच. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एक गोष्ट आधीच सांगतो: यातले निम्मे प्रश्न मेनूत शिरून सुटत नाहीत, स्पीकर हातभर सरकवला की सुटतात.

१. ५.१, ७.१, ५.१.२ या आकड्यांचा अर्थ काय? आणि मला किती स्पीकर लागतील?

पहिला आकडा कानाच्या पातळीवरच्या स्पीकरांचा, दुसरा सबवूफरचा (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, थोडक्यात ‘सब’) आणि तिसरा असलाच तर डोक्यावरच्या स्पीकरांचा. म्हणजे ५.१ मध्ये समोर डावा, सेंटर आणि उजवा, बाजूला दोन सराउंड आणि एक सब. त्या ‘.१’ला पूर्ण चॅनल का म्हणत नाहीत, तर त्यात साधारण १२० हर्ट्झपर्यंतचाच खर्ज असतो. त्याला एलएफई, म्हणजे लो फ्रिक्वेन्सी इफेक्ट्स, म्हणतात. स्फोट, गडगडाट, भूकंप असली कामं त्याच्याकडे.

किती स्पीकर हे खोली ठरवते. बसायच्या जागेच्या मागे मीटर-दीड मीटर मोकळं असेल तरच ७.१ चा विचार करा. नसेल तर ते जादाचे दोन स्पीकर छताकडे न्या, ५.१.२ करा. आणि बेताचे सात घेण्यापेक्षा बरे पाच घ्या, हे माझं ठाम मत.

२. साउंडबारने काम भागणार नाही का?

भागतं. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरपेक्षा कुठलाही बरा साउंडबार उजवाच. पण मागून येणारा आवाज तो भिंतींवर आपटवून किंवा प्रक्रियेने भास निर्माण करून देतो. भिंती सोयीच्या नसतील तर तो भासही राहत नाही. वायर ओढणं अशक्यच असेल तर वेगळे मागचे स्पीकर आणि सब असलेला बार घ्या. ‘वायरलेस’ सराउंडलाही विजेची वायर लागते, हे मात्र घेण्याआधी लक्षात ठेवा.

३. स्पीकर नेमके कुठे ठेवायचे? मेनूत कोन दिलेत, पण ते खोलीत मोजायचे कसे?

एक दोरी घ्या. तिचं एक टोक बसायच्या जागी, डोकं जिथे येतं तिथे धरा आणि दुसरं पडद्याच्या मध्यावर. ही शून्य अंशाची रेघ. पुढचे डावा-उजवा या रेघेपासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर हवेत. कोनमापक शोधत बसू नका. तुमच्यापासून स्पीकर जितका लांब, तितकंच अंतर दोन स्पीकरांमध्ये ठेवलं की बरोबर ३० अंश होतात. तुम्ही ३ मीटरवर असाल तर दोन स्पीकरही ३ मीटर लांब. भिंत तेवढी रुंद नसेल तर २.२५ मीटरपर्यंत जवळ आणा, तो झाला २२ अंशांचा हिशेब. ट्विटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक सूर काढणारा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा.

सेंटर टीव्हीच्या लगेच खाली किंवा वर. त्याचा चेहरा फळीच्या कडेला आणून ठेवा. चार बोटं आत ढकलला तर फळीवरूनच आवाज परावर्तित होतो आणि बोलणं बोदं होतं. खाली असेल तर पुढच्या बाजूला रबराची पाचर लावून त्याचं तोंड कानांकडे वळवा.

५.१ मधले सराउंड १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे, आणि कानापेक्षा थोडे वर, जेणेकरून शेजारी बसलेल्याचं डोकं मध्ये येणार नाही. ७.१ असेल तर बाजूचे ९० ते ११० वर आणि मागचे १३५ ते १५० वर. सर्वांत जास्त चुका इथेच होतात: सराउंड पार मागच्या कोपऱ्यात, छताला टेकवून लावले जातात. तिथून आवाज येतो, पण तो तुमच्याभोवती फिरत नाही.

४. माझा सोफा मागच्या भिंतीला चिकटून आहे. सराउंड मागे जाणारच कसे?

जाणार नाहीत, म्हणून ते ९० अंशांवर, थेट बाजूला घ्या. डोक्यापेक्षा थोडे वर ठेवा आणि तोंड तुमच्या कानांवर न रोखता समोरासमोर किंवा जरासं पुढे वळवा. पण त्याआधी सोफाच ३०-४० सेंटिमीटर पुढे येतो का बघा. भिंतीलगत खर्जाचा दाब सर्वाधिक असतो आणि डोक्यामागून लगेच परतणारा आवाज बाकीचा तपशील पुसून टाकतो. एवढंसं सरकवण्याने जे मिळतं ते कुठल्याच बटणाने मिळत नाही. भिंतीला टेकूनच बसायचं असेल तर निदान डोक्यामागे जाड पडदा किंवा मऊ पॅनल लावा.

५. वायर कोणती वापरू? आणि प्लस-मायनस उलट झालं तर खरंच काही बिघडतं का?

शुद्ध तांब्याची वायर, १० मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटर आणि त्यापुढे किंवा ४ ओहमच्या स्पीकरला २.५. बस्स. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त असते, पण तिचा रोध जास्त असतो. दुसऱ्या टोकाला, सोन्याच्या भावाने विकल्या जाणाऱ्या वायरीने कानाला फरक पडत नाही. ते पैसे सबला द्या.

उलट जोडल्याने काही जळत नाही, पण आवाज बिघडतो. एक स्पीकर बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, मग खर्ज नाहीसा होतो आणि मधला गायक मध्ये न राहता खोलीभर पसरतो. माझ्याच घरी समोरचा उजवा स्पीकर असा उलटा होता. ‘हे स्पीकरच पातळ आहेत’ अशी मी महिनाभर कुरकुर केली, इक्वलायझर वर-खाली केला. शेवटी झाडताना मागे हात गेला तेव्हा दिसलं, लाल, म्हणजे प्लसच्या, टर्मिनलमध्ये रेघ नसलेली, मायनसची वायर.

आणखी एक बघा. वायर सोलल्यावर तांब्याचे केस नीट पिळून घ्या. एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी रिसीव्हर ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडतो. तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो.

६. रिसीव्हर किती वॅटचा हवा?

जाहिरातीतल्या आकड्याइतका नक्कीच नाही. हिशेब करून दाखवतो. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटवर १ मीटर अंतरावर ८७ डेसिबल देतो. ३ मीटरवर ते उघड्यावर सुमारे ७७ उरतात, बंद खोलीत थोडे जास्त. दर १० डेसिबलला दहापट वॅट लागतात: ८७ साठी १०, ९७ साठी १००. बहुतेकांच्या घरी सिनेमा ज्या आवाजात बघितला जातो, त्यात एका स्पीकरला जोरातल्या क्षणीही दहा वॅट लागत नाहीत. १०० वॅटच्या जागी २०० वॅटचा घेतला तर वाढतात ते फक्त ३ डेसिबल.

वॅटपेक्षा ओहम बघा. ४ ओहमचे स्पीकर असतील तर रिसीव्हर ते चालवतो असं त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं हवं. आणि त्याच्या डोक्यावर दुसरी यंत्रं रचू नका, तो गरम होतो.

७. सबवूफर कुठेही ठेवला तरी चालतो म्हणतात. मग माझ्याकडे एका खुर्चीवर धडधड आणि दुसरीवर काहीच नाही, असं का?

‘कुठेही चालतो’ हे अर्धसत्य आहे. सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतोय हे कानाला कळत नाही, इतकंच त्यात खरं. पण तो आवाज खोलीत समान पसरत नाही. भिंतीभिंतींत लाटा अडकतात, काही जागी साठतात, काही जागी एकमेकींना मारतात. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत पहिली अशी लाट ४० हर्ट्झला येते (३४३ भागिले लांबीच्या दुप्पट). त्या लाटेचा दाब दोन्ही भिंतींशी भरपूर आणि बरोबर मध्यावर जवळपास शून्य. खोलीच्या ऐन मधोमध सोफा टाकून ‘सबला दमच नाही’ म्हणणारे बहुतेक जण याच खड्ड्यात बसलेले असतात.

उपाय जुना आणि थोडा हास्यास्पद आहे. सब उचलून तुमच्या बसायच्या जागी, शक्य तर सोफ्यावरच ठेवा. खर्जाची सलग चाल असलेलं गाणं पुन्हा पुन्हा लावा. मग ज्या ज्या ठिकाणी सब ठेवता येईल तिथे तिथे रांगत जा, डोकं जमिनीलगत ठेवून. एका कोपऱ्यात प्रत्येक सूर ‘बूंऽऽ’ असा एकसारखा घुमेल, दाराजवळ दोन सूर गायब होतील, आणि कुठेतरी, बहुधा पुढच्या भिंतीच्या लांबीच्या एक-तृतीयांशाजवळ, सगळे सूर वेगवेगळे आणि सारख्या जोराने ऐकू येतील. सबची जागा ती. घरातलं कुणी बघत असेल तर बघू दे.

कोपऱ्यात सब सर्वांत जोरात वाजतो, पण सर्वांत असमानही. लहान सब असेल तर तो सौदा परवडतो, मोठा असेल तर नाही.

८. सबच्या पाठीवर तीन नॉब आहेत. कोणता किती फिरवू?

‘क्रॉसओव्हर’ किंवा ‘लो पास’ (कोणत्या वारंवारतेखालचा आवाज सबकडे जायचा ती सीमा) पूर्ण वर, किंवा ‘एलएफई’ असं लिहिलेलं असेल तर तिथे. गाळण्याचं काम रिसीव्हर करणार आहे, दोघांनी गाळलं तर मधला भाग कोरडा पडतो. ‘गेन’, म्हणजे सबचा जोर, मध्यावर ठेवून कॅलिब्रेशन (प्रश्न १०) सुरू करा. रिसीव्हरने सबची लेव्हल उणे १२ च्या तळाला नेली तर याचा अर्थ गेन जास्त आहे. तो कमी करून पुन्हा मोजा. ‘फेज’ (सबच्या लाटा पुढच्या स्पीकरांच्या लाटांशी जुळवणारी सेटिंग) आत्ता शून्यावर. तिचं काम प्रश्न ११ मध्ये येईल. आणि ‘ऑटो ऑन’ हलक्या आवाजात सबला झोपवत असेल तर सरळ ‘ऑन’ ठेवा.

९. माझे पुढचे स्पीकर चांगले उंच, जमिनीवर उभे राहणारे आहेत. तरी रिसीव्हरमध्ये ‘स्मॉल’ करायचे?

हो. ‘स्मॉल’ हा शब्द अपमान वाटतो, पण त्याचा आकाराशी संबंध नाही. त्याचा अर्थ एवढाच: खालचा खर्ज या स्पीकरला देऊ नका, सबला द्या. सबला त्यासाठी स्वतःचा अँप आहे आणि त्याची जागा तुम्ही खास खर्जासाठी शोधली आहे. पुढचे स्पीकर मात्र चित्राच्या सोयीने उभे आहेत.

सुरुवात ८० हर्ट्झपासून करा, सिनेमाच्या ध्वनीचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सचीही शिफारस तीच. छोटे सॅटेलाइट असतील तर १०० ते १२०. त्याच्या वर गेलात तर सब कुठे आहे ते कानाला कळू लागतं. स्वयंचलित मोजणीने ४० सुचवलं तर ते ८० वर न्यायला हरकत नाही, पण १०० सुचवलं तर खाली आणू नका, कारण मोजलेल्या मर्यादेखाली त्या स्पीकरकडे द्यायला काही नसतं. ‘एलएफई + मेन’ हा पर्याय बंदच बरा, तोच खर्ज दोन ठिकाणांहून येऊन गढूळ होतो.

जाता जाता: ‘एलपीएफ फॉर एलएफई’ नावाची वेगळी सेटिंग असते. ती १२० वरच राहू द्या. तिला क्रॉसओव्हर समजून ८० करणारे बरेच जण आहेत आणि ते चित्रपटाचा थोडा खर्ज फेकून देतात.

१०. डब्यात आलेल्या माईकने कॅलिब्रेशन करताना काय काळजी घ्यायची?

ऑडिसी, वायपाओ, डिरॅक, एमसीएसीसी, नाव काही असो, तत्त्व एकच: स्पीकर ठरावीक आवाज काढतात, माईक तो ऐकतो, रिसीव्हर अंतर, लेव्हल आणि फिल्टर ठरवतो. माईक चुकीच्या जागी असेल तर सगळी गणितं अचूकपणे चुकतात.

माईक हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवरही टेकवू नका. ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीवर, टोक छताकडे. सोफ्याची पाठ उंच आणि चामड्याची असेल तर माईक तिच्यापासून वीतभर पुढे आणि शक्य तर थोडा वर घ्या, नाहीतर तिचा प्रतिध्वनीच मोजला जातो. पंखा, एसी, फ्रिज बंद. खिडकी लावा. तुम्ही स्वतः स्पीकर आणि माईकच्या मध्ये उभे राहू नका, बाहेर गेलात तर उत्तम.

पहिली मोजणी मुख्य जागेवरच करा. ऑडिसीसारख्या प्रणाली अंतर आणि लेव्हल त्या पहिल्या जागेवरून ठरवतात. पुढच्या मोजण्या तिच्याभोवती, अर्ध्या-पाऊण मीटरच्या आत. ‘सगळ्या पाहुण्यांना न्याय’ म्हणून लांबच्या खुर्चीवर माईक नेला की सरासरी कुणाच्याच उपयोगाची राहत नाही. सहा-आठ जागा मोजायची सोय असेल तर सगळ्या वापरा, तीनवर कंटाळू नका.

संपल्यावर तीन गोष्टी स्वतः तपासा: अंतरं टेपने मोजलेल्या अंतरांशी जुळतात का (सबचा अपवाद, प्रश्न ११), डाव्या-उजव्या जोडीच्या लेव्हलमध्ये ३ डेसिबलपेक्षा जास्त फरक तर नाही ना, आणि क्रॉसओव्हर (प्रश्न ९). आणि हे यंत्र फिल्टर लावतं, स्पीकर हलवत नाही. म्हणून प्रश्न ३ आणि ७ आधी, हा नंतर.

११. सब माझ्यापासून ३ मीटरवर आहे, रिसीव्हर ४.७ म्हणतो. दुरुस्त करू?

मुळीच नको. रिसीव्हर टेप लावत नाही, वेळ मोजतो. सबच्या आतल्या सर्किटमध्ये आवाज काही मिलिसेकंद रेंगाळतो, ५ मिलिसेकंद म्हणजे १.७ मीटर. तो उशीरच इथे अंतर म्हणून दिसतो. ‘खरं’ अंतर टाकलंत तर सब उशिरा वाजेल.

बारीक जुळवणी करायचीच असेल तर क्रॉसओव्हरच्या वारंवारतेचा, म्हणजे ८० हर्ट्झचा, टोन लावून पुढचे स्पीकर आणि सब एकत्र वाजवा. मुख्य जागी बसून दुसऱ्या कुणाला सबचा फेज शून्य आणि १८० करायला सांगा. जिथे टोन जास्त भरीव ऐकू येतो ती बाजू बरोबर.

१२. वायर दहादा तपासली, तरी कॅलिब्रेशनमध्ये रिसीव्हर ‘फेज’ चुकल्याचं, म्हणजे प्लस-मायनस उलट असल्याचं सांगतो.

स्किप करा. काही स्पीकरांत एखादा ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा भाग) मुद्दामच उलट जोडलेला असतो, तो स्पीकरच्या आतल्या क्रॉसओव्हर सर्किटच्या रचनेचा भाग असतो. जवळच्या भिंतीवरून आलेल्या जोरदार परावर्तनानेही माईक फसतो. मात्र ‘तपासली’ म्हणजे दोन्ही टोकं तपासली ना, एवढं बघा.

१३. कॅलिब्रेशननंतर खर्जच गेला. आधी मजा येत होती!

आधी जी मजा येत होती ती एका घुमणाऱ्या सुराची होती, आणि यंत्राने नेमका तोच कापला. आठवडाभर कानाला सवय होऊ द्या. मग हवा असेल तर सब ३ डेसिबलने वाढवा, बहुतेकांना तेवढाच आवडतो, मलाही. फक्त सबची लेव्हल वाढवा, टोन कंट्रोलमधला ‘बास’ नको. हलक्या आवाजात खर्ज जास्तच हरवतो, कारण कानाची खर्जाबद्दलची संवेदनशीलताच तेव्हा कमी असते. ‘डायनॅमिक ईक्यू’सारखी सोय त्यासाठीच असते.

वाढवूनही एखादा पट्टा येतच नसेल तर ती लाटेतली पोकळी आहे. पोकळीत कितीही ओता, भरत नाही, अँप मात्र थकतो. सब किंवा खुर्ची हलवा.

१४. माईक हरवलाय. हाताने कॅलिब्रेट करता येईल? फोनचं ॲप चालेल?

येईल. अंतरं टेपने मोजून भरा. मग रिसीव्हरचा टेस्ट टोन लावा आणि आवाज मोजणारा मीटर ‘सी’ वेटिंग (खर्जही मोजणारी सेटिंग), ‘स्लो’ वर ठेवून मुख्य जागी प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलवर आणा. मीटर छताकडे तोंड करून, अंगापासून दूर.

फोनचं ॲप खरा आकडा सांगेलच असं नाही, पण पाचही स्पीकर एकमेकांशी जुळवायला ते पुरतं, कारण चूक सगळ्यांना सारखीच लागू होते. सबसाठी मात्र त्यावर विसंबू नका, बरेच फोन खालचा खर्ज मुद्दाम गाळतात. मोजायची गोडी लागली तर यूएसबी मापन-माईक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. पण सावधान, त्यानंतर सिनेमे कमी आणि आलेख जास्त बघितले जातात.

१५. व्हॉल्यूम उणे ३० असा का दिसतो?

कारण शून्य म्हणजे शांतता नव्हे, शून्य म्हणजे चित्रपटाचं ध्वनिमिश्रण करणाऱ्याने ऐकलेला आवाज: प्रत्येक चॅनलला संदर्भपातळी ८५ डेसिबल, शिखर १०५ आणि एलएफईला ११५. तुम्ही त्याच्या किती खाली आहात ते उणे आकडा सांगतो. घरच्या खोलीत उणे २० ते उणे १० म्हणजेसुद्धा भरपूर झालं. टीव्हीवरचे कार्यक्रम या मापाने बनत नाहीत, म्हणून तो आकडा प्रत्येक स्रोताला वेगळा लागतो.

१६. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून वाढवावं, तर पुढच्या क्षणी स्फोटाने घर हादरतं. काय करू?

सर्वाधिक येणारा प्रश्न, आणि कारणं एकाहून जास्त. या क्रमाने जा.

आधी सेंटरला जवळ जाऊन ऐका. बंद फळ्यांच्या कप्प्यात असेल, आत ढकललेला असेल, गुडघ्यांकडे तोंड असेल, तर प्रश्न ३ वाचा. मग सेंटरची लेव्हल २-३ डेसिबल वाढवा. हा शिष्टसंमत नसला तरी प्रामाणिक उपाय आहे. आवाज घोगरा वाटत असेल तर सेंटरचा क्रॉसओव्हर १०० वर न्या.

मग खोली. टाळी वाजवा. ‘टंऽ’ असा झणझणीत प्रतिध्वनी आला तर उघड्या फरशा आणि काचा शब्दांची टोकं खातायत. समोर गालिचा, काचेवर जाड पडदा. बाजूच्या भिंतीवर कुणाला तरी आरसा सरकवत न्यायला सांगा आणि स्वतः जागेवर बसा. आरशात जिथे पुढचा स्पीकर दिसेल, तिथे पुस्तकांचं कपाट किंवा मऊ पॅनल हवं.

स्फोटांसाठी रिसीव्हरमधलं ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ वापरा. ते मोठा आवाज दाबतं, लहान उचलतं. शुद्धतावादी नाकं मुरडतात, पण रात्री अकराला शेजाऱ्यांना शुद्धता कोण समजावणार?

आणि एक विचित्र प्रकार: सेंटर जोडलेलाच नाही, पण मेनूत ‘आहे’ असं निवडलंय. तेव्हा सगळे संवाद नसलेल्या स्पीकरकडे जातात. ‘नन’ करा, ते डाव्या-उजव्यात वाटले जातील.

१७. मागचे स्पीकर फारसे वाजतच नाहीत. बिघडलेत का?

टेस्ट टोन वाजतोय ना? मग नाहीत. चित्रपटात सराउंडकडे बराच वेळ फक्त पाऊस, गर्दी, खोलीची हवा असते. ते वेगळे जाणवू लागले म्हणजे लेव्हल चुकली. बंद करून बघा, खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटते.

कधी मात्र स्रोतच दोन चॅनलचा असतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रिसीव्हरच्या पडद्यावर आत काय येतंय ते बघा. स्टीरिओच असेल तर ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘डीटीएस न्यूरल:एक्स’ लावा, ते दोनाचे पाच बऱ्यापैकी करतात. ५.१ हवं असून स्टीरिओ येत असेल तर पुढचा प्रश्न.

१८. ॲप टीव्हीतलं, आवाज रिसीव्हरचा. ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारं डॉल्बीचं तंत्र) लागतच नाही. केबल बदलू?

केबल बदलण्याआधी आवाज कोणत्या मार्गाने जातोय ते बघा. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१ जातं, ॲटमॉस नाही. एचडीएमआय एआरसीमधून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) डॉल्बी डिजिटल प्लस जातं आणि स्ट्रीमिंगचं ॲटमॉस बहुधा त्यातच असतं, म्हणजे तेवढ्यासाठी एआरसी पुरतं. ब्लू-रेचं ट्रूएचडी टीव्हीमार्गे न्यायचं असेल तर मात्र ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती हवी, दोन्ही टोकांना.

मग सेटिंग. टीव्हीच्या ज्या एकाच पोर्टवर एआरसी लिहिलंय त्यातच केबल हवी. ‘डिजिटल ऑडिओ’ पीसीएमवर (टीव्हीने आधीच उलगडलेला आवाज) असेल तर साध्या एआरसीवर स्टीरिओच मिळणार. ‘ऑटो’ किंवा ‘पासथ्रू’ करा. ॲपचा प्लॅन आणि तो विशिष्ट चित्रपट दोन्हीत ॲटमॉस आहे ना, हेही बघा. काही टीव्ही डीटीएस पुढे जाऊच देत नाहीत, तिथे प्लेअर थेट रिसीव्हरला जोडणं हाच मार्ग.

१९. ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

आवाज आधी येत असेल तर सोपं आहे: टीव्ही चित्रावर प्रक्रिया करताना मागे पडतोय. रिसीव्हरमध्ये ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ वाढवत न्या. आवाज उशिरा येत असेल तर इथंच घोडं पेंड खातं, कारण उशीर उणे करता येत नाही. आधी सगळे डिले शून्य करा, टीव्हीचं ऑडिओ ‘पासथ्रू’वर न्या, शक्य असेल तर स्रोत थेट रिसीव्हरला जोडा. टीव्ही ‘गेम मोड’वर राहिला असेल तर तोही काढा, त्यात चित्र फार लवकर येतं.

२०. ॲटमॉससाठी छतातच स्पीकर हवेत की वर आवाज फेकणारे चालतील?

छतातले उत्तम. दोनच असतील तर डोक्याच्या किंचित पुढे. वर फेकणारे छताचा आरशासारखा उपयोग करतात, म्हणून छत सपाट, कडक आणि साधारण २.३ ते ३.७ मीटर उंच हवं. उतरतं छत, तुळया, ध्वनी शोषणाऱ्या फळ्या असतील तर पैसे वाया. तिसरी वाट म्हणजे भिंतीवर अगदी वर, खाली झुकवून लावलेले स्पीकर. डोक्यावर नाही तरी ‘वर’ नक्की वाटतं. मेनूत स्पीकरचा खरा प्रकार निवडा. छतातल्याला ‘डॉल्बी एनेबल्ड’ म्हटलंत तर रिसीव्हर त्याच्यावर परावर्तनासाठीची नको ती प्रक्रिया करतो.

२१. खोलीची डावी बाजू पूर्ण उघडी, उजवीकडे भिंत. दोन्ही सराउंड वेगळेच वाजतात.

वाजणारच. कॅलिब्रेशन लेव्हल जुळवतं, भिंत उभी करत नाही. डाव्यासाठी स्टँड वापरा आणि उजवा भिंतीत न बसवता तोही त्याच उंचीच्या, त्याच अंतराच्या स्टँडवर घ्या. उजव्या भिंतीवर थोडं मऊ काही लावलं की दोघांतला फरक आणखी कमी होतो. उघड्या बाजूने खर्ज शेजारच्या खोलीत पळतो, तेव्हा सब एक माप मोठा लागतो.

२२. एक मोठा सब घेऊ की दोन मध्यम?

एकट्यासाठी, एकाच खुर्चीसाठी, एक मोठा. तीन-चार जण बसत असतील तर दोन. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले की एकाची पोकळी दुसरा भरतो आणि प्रश्न ७ मधली खुर्चीखुर्चीतली तफावत बरीच आटोक्यात येते. दोन्ही एकाच जातीचे घ्या.

२३. सब सतत ‘हूंऽऽ’ करतो, काही वाजत नसतानाही.

ही विजेच्या वारंवारतेची गुणगुण, बहुधा ग्राउंड लूपची, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटची. सबची सिग्नल केबल काढा. गुणगुण थांबली तर दोष सबचा नाही. केबल परत लावा आणि मग टीव्हीला येणारी अँटेना किंवा सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा, बऱ्याचदा गुन्हेगार तीच असते. सब आणि रिसीव्हर एकाच सॉकेटपट्टीवर घ्या. अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती पिन जिवासाठी आहे.

२४. कॅलिब्रेशन पुन्हा कधी करायचं?

स्पीकर, सब किंवा सोफा हलला, गालिचा आला, जड पडदे गेले, की करा. नुसतं वर्ष उलटलं म्हणून नको. रिसीव्हरचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर सेटिंग पुसली गेलीत का तेवढं बघा. आणि पुन्हा सुरू करण्याआधी अंतर, लेव्हल आणि क्रॉसओव्हरच्या तिन्ही पडद्यांचे फोनवर फोटो काढून ठेवा. नवं मोजमाप जुन्यापेक्षा वाईट निघालं तर परत जायला वाट राहते. मला एकदा तशी वाट नव्हती, आणि आधी सगळं छान वाजत होतं तो आकडा उणे साडेचार होता की साडेपाच, हे अजून आठवत नाही.